लाल गोळी पोटात जाईपर्यंत: नाशिक जिल्ह्यातल्या नव्या आशाताईंसाठी

आशा म्हणून रुजू झालात की पहिल्याच महिन्यात उपकेंद्रातून लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या हातात पडतात. रजिस्टरमध्ये गरोदर बाईचं नाव, पुढे ‘30 गोळ्या दिल्या’, शेवटी सही किंवा अंगठा. इथवरचं काम कुणीही शिकवतं. त्या तीसपैकी पोटात किती गेल्या, हे रजिस्टर सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) गरोदरपणात 180 दिवस किंवा जास्त गोळ्या घेतलेल्या माता देशात फक्त 26 टक्के निघाल्या. महाराष्ट्रातल्या गरोदर बायकांपैकी 45.7 टक्क्यांच्या अंगात रक्त कमी होतं. गोळी गावात पोचते, घरातही पोचते. अडते ती फडताळापासून तोंडापर्यंतच्या दोन हातांत. तुमचं खरं काम त्या दोन हातांतलं आहे.

आधी गोळी नीट ओळखा

गरोदर बाईची गोळी लाल, साखरेचं आवरण असलेली. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्यातून एकदा देतात ती निळी आणि लहान वर्गांतल्या मुलांची गुलाबी. निळ्या गोळीत औषध लाल गोळीएवढंच असतं, पण ती आठवड्याची म्हणून ओळखली जाते. गरोदर बाईच्या हातात निळी पडली की ती ‘सोमवारची गोळी’ समजून आठवड्याला एकच घेते. पट्ट्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

पहिल्या तीन महिन्यांत लाल गोळी नाही. तेव्हा फक्त फॉलिक अ‍ॅसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत बंद होते, बाईला दिवस गेल्याचं पुरतं कळायच्या आधीच. म्हणून नवीन लग्न झालेल्या, मूल हवं असलेल्या मुलींशीही फॉलिक अ‍ॅसिडबद्दल बोलून ठेवायचं. आधीचं बाळ पाठीवर गाठ घेऊन किंवा मेंदूची वाढ न होता जन्मलेलं असेल, तर तिचा डोस वेगळा असतो आणि तो डॉक्टर ठरवतात.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण, दिंडोरी या आदिवासी पट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहा: सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का? बाई फक्त वाहक (एएस) असेल तर नेहमीची लाल गोळी चालते. सिकलसेलची रुग्ण (एसएस) असेल तर लोह द्यायचं की नाही, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच ठरवायचं. तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद नसेल तर सिस्टरला विचारा.

180 चा हिशेब

चौथा महिना लागला की रोज एक गोळी, बाळंतपणापर्यंत. चौदाव्या आठवड्यापासून चाळिसाव्या आठवड्यापर्यंत 26 आठवडे, म्हणजे 182 दिवस. पाहा किती काठोकाठ आहे. 180 गोळ्यांसाठी दोनच दिवसांची सैल. पाचवा महिना भरत आल्यावर, विसाव्या आठवड्यात नाव नोंदवलं तर उरतात 140 दिवस. म्हणून चौथ्या महिन्यातली पहिली पट्टी वेळेत जाणं हे सगळ्यात मोलाचं काम.

दिवस वाया गेले म्हणून मागच्या गोळ्या एकदम भरून काढायच्या नाहीत. रात्रीची गोळी राहिली आणि झोपायच्या आधी आठवलं तर तेव्हा घ्यायची. सकाळी आठवलं तर ती सोडून द्यायची आणि त्या दिवसाची एकच घ्यायची. दोन-तीन एकत्र घेतल्या की पोट बिघडतं, आणि पोट बिघडलं की पुढची पट्टी तशीच पडून राहते.

शहरात, नाशिकरोड-सिडको-पंचवटीकडे, वेगळाच घोळ होतो. बाई खाजगी डॉक्टरांकडेही जाते, तिकडची लोहाची गोळी चालू असते आणि वर आपली लाल गोळी. खाजगी पाकीट मागून घ्या, त्यावर ‘एलिमेंटल आयर्न’ (म्हणजे गोळीतलं प्रत्यक्ष लोह) किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचा. 60 किंवा त्याहून जास्त असेल तर आपली गोळी वर द्यायची नाही. एकच चालू ठेवायची, आणि कोणती हे कार्डावर लिहायचं.

देण्याच्या दिवशी

पट्टी देताना तिच्या समोर बसा. उंबऱ्यावरून हातात ठेवून पुढच्या घरी जाण्यात पाच मिनिटं वाचतात आणि पुढचे दोन महिने वाया जातात. चार गोष्टी तिला आजच माहीत हव्यात, म्हणजे घडल्यावर ती घाबरणार नाही.

संडास काळी होईल. अंगात न गेलेलं लोह तिथून बाहेर पडतं, त्याचा तो रंग. हे आधी सांगितलं तर काळा रंग दिसल्यावर तिला वाटतं, ‘ताई म्हणाल्या होत्या.’ नाही सांगितलं तर वाटतं, ‘आतून काहीतरी बिघडलं.’ मात्र डांबरासारखी चिकट आणि फार घाण वास येणारी असेल, पोट दुखत असेल, तर दवाखान्यात दाखवायचं.

पहिले काही दिवस मळमळेल. कुणाला पोटात जळजळ, कुणाला संडास घट्ट. तोंडाला पैसा चाटल्यासारखी चव येते. बहुतेकींचं हे आठ-दहा दिवसांत कमी होतं.

वेळ तिच्याकडूनच ठरवून घ्या. ‘रोज घ्या’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. ‘रात्री जेवण झालं, भांडी घासली, की घ्यायची’ हे लक्षात राहतं, कारण भांडी रोज घासायचीच असतात. रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने, झोपण्याआधी घेतलेली गोळी बहुतेकींना सोसते, कारण मळमळ झोपेत निघून जाते. रात्रपाळीच्या घरात, मालेगावच्या यंत्रमागावर किंवा सातपूर-अंबडच्या कंपनीत जाणारा नवरा असेल, तर जेवणाच्या वेळाच उलट्या असतात. तिथे तिच्या दिवसाप्रमाणे वेळ लावा.

चौथी गोष्ट सासूबाईंसाठी. ‘आम्ही कुठं गोळ्या खाल्ल्या?’ हे ऐकायला मिळेलच. वाद घालू नका. त्यांच्या वेळी बाळंतपणात किती बायका गेल्या, हे त्यांनाच जास्त माहीत असतं. एवढंच सांगा की साध्या बाळंतपणातही अर्धा लिटरपर्यंत रक्त जातं. अंगात भरपूर असलं तर ते सोसतं, आधीच कमी असलं तर तेवढ्यातच जीवावर बेततं. ‘गोळीनं बाळ मोठं होतं, मग सिझर करावं लागतं’ ही भीती फार खोल आहे. रक्त कमी असलेल्या आईचं बाळ दिवस भरण्याआधी आणि कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. गोळी ती उणीव भरते, बाळाला अवाजवी मोठं करत नाही. हे सासूबाई आणि सून दोघींच्या समोर एकदाच, नीट बोला. बागलाण, देवळ्याकडे अहिराणीत, पेठ-सुरगाण्याला कोकणा बोलीत, मालेगावात उर्दूत बोलणारी कुणी सोबत असेल तर उत्तम.

चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा जा

महिन्यानंतर गेलात तर गोष्ट होऊन गेलेली असते. गोळी सुटते ती बहुधा सुरुवातीच्या दिवसांत, जेव्हा अंगाला सवय झालेली नसते. म्हणून दुसरी फेरी चौथ्या-पाचव्या दिवशी, पाणी भरायच्या वेळी असो वा अंगणवाडीच्या वाटेवर.

‘गोळ्या घेता का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ असतं, नेहमीच. ‘गोळी सोसते का? मळमळतं का?’ असं विचारा. त्रास सांगायला जागा मिळाली की बाई खरं बोलते.

‘गरम पडते’ म्हणाली तर गरम-थंडाचा वाद नको. नेमकं काय होतं ते काढून घ्या. बहुतेकदा पित्त वर येतं, कारण गोळी उपाशीपोटी किंवा सकाळच्या चहावर घेतलेली असते. जेवणानंतर करा, दोन-तीन दिवसांत फरक पडतो. नवरात्राचे उपवास धरणारी बाई नऊ दिवस गोळी बंद ठेवते. तिला भगर किंवा फळं खाल्ल्यावर गोळी घ्यायला सांगा. रमजानमध्ये रोजे असतील तर इफ्तारनंतरच्या रात्रीच्या जेवणानंतर. पित्तासाठी कुणी दिलेली गोळी किंवा पातळ औषध चालू असेल तर दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह अंगाला लागत नाही.

संडास घट्ट होत असेल तर पाणी किती पिते ते विचारा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत किंवा कांदा काढणीला जाणाऱ्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. मग दोष गोळीवर येतो. कामावर जायच्या आधी, दुपारी आणि घरी आल्यावर तांब्याभर पाणी, जेवणात पालेभाजी, ताटात भाकरी. एवढ्यावर बऱ्याच जणींचं भागतं.

उलटीच होते, गोळी टिकतच नाही, असं असेल तर तुम्ही डोस बदलू नका, सिस्टरला दाखवा. गोळी कुटून किंवा अर्धी करून देऊ नका. साखरेचं आवरण फुटलं की लोहाची चव जिभेला लागते आणि उलटी अधिकच होते. गोळी पूर्ण, पाण्याबरोबर गिळायची.

चहा, कॅल्शियम आणि डाळिंब

चहातल्या तुरट द्रव्यांशी लोह बांधलं जातं आणि अंगात जात नाही. गोळीआधी एक तास आणि गोळीनंतर दोन तास चहा-कॉफी नाही, कोरा चहाही नाही. कोरा चहा चालतो असं अनेक घरांत समजतात. अडचण दुधाची नाही, पत्तीची आहे.

कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर कधीच नाही. चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शियमच्या रोज दोन गोळ्या असतात: एक सकाळी नाश्त्याबरोबर, एक दुपारच्या जेवणाबरोबर, आणि लाल गोळी रात्री. हे जमलं की गोंधळ उरत नाही. ‘सगळ्या एकदम टाकल्या की सुटले’ असं करणारी बाई नियमाने गोळ्या घेते आणि तरीही तिचं हिमोग्लोबिन हलत नाही. अशा वेळी आधी एकत्र घेते का, ते विचारा.

लिंबू, आवळा, पेरू हे लोह अंगात जायला मदत करतात. जेवणात लिंबाची फोड ही स्वस्तातली सोय.

आता डाळिंब. बागलाण, मालेगाव, देवळ्याकडे डाळिंबाचं पीक, आणि ‘डाळिंबानं रक्त वाढतं’ हा पक्का विश्वास. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह साधारण 0.3 मिलिग्रॅम असतं. एका गोळीएवढं लोह मिळवायला वीस किलो दाणे लागतील. काळ्या द्राक्षांतही तेवढंच. लाल रंग रक्ताचा नव्हे. डाळिंब खाऊ द्या, चांगलं फळ आहे, पण गोळीच्या जागी नाही. नागलीचंही तसंच: तिची खरी श्रीमंती कॅल्शियममध्ये आहे. लोहासाठी बाजरी, पालेभाज्या, मटकी-मूग-चणे, आणि घरी चालत असेल तर मटण, मासे. आदिवासी भागात अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून गरोदर मातेला एक वेळचं गरम जेवण मिळतं. ते डब्यात भरून घरी नेलं की चार तोंडांत वाटलं जातं, म्हणून तिने तिथेच बसून जेवावं.

माती, राख, खापर, कच्चे तांदूळ, पाटीची पेन्सिल खाण्याची इच्छा होत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. लोह कमी झाल्याचं ते ठळक लक्षण आहे, आणि बाई लाजेने सांगत नाही. मिश्री लावत असेल तर तेही विचारा. तंबाखूने भूक मरते आणि बाळालाही अपाय होतो.

मोजणी

1 तारखेला तीस दिल्या आणि त्याच रात्री सुरू केल्या, तर 13 तारखेला सकाळी 18 उरायला हव्यात. 24 उरल्या तर सहाच पोटात गेल्या. पट्टी मागून घ्या, रिकामी पट्टीही टाकू नका म्हणा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक टिंब करायला लावलं तर मोजणी पटकन होते, आणि हे काम घरातल्या शाळकरी पोराला आवडतं.

गोळ्या उरलेल्या दिसल्या तरी रागावू नका. ही सूचना सगळ्यात आधी मोडली जाते, आणि तिचंच नुकसान सगळ्यात जास्त. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी ती तुम्ही यायच्या आदल्या दिवशी गोळ्या फोडून उकिरड्यात टाकेल आणि रिकामी पट्टी पुढे करेल. मग तुमचं मोजणंच खोटं. ‘सहा घेतल्या, बरं झालं. उरलेल्या कशामुळे राहिल्या?’ इतकंच विचारा. पट्ट्या वेळेत संपतात पण हिमोग्लोबिन वाढत नाही, तेव्हा मात्र शंका घ्या: टाकते आहे का, घरात दुसरं कुणी खातंय का, की चहाबरोबर घेतेय?

बोटातलं रक्त

लसीकरणाच्या दिवशी सिस्टर डिजिटल मशीनवर हिमोग्लोबिन पाहतात. तुम्ही सोबत असता, म्हणून चूक कुठे होते हे पाहून ठेवा. हात थंड असेल तर आधी चोळून गरम करायचा. स्पिरिट पूर्ण सुकू द्यायचं. ओल्या बोटावर टोचलं की रक्त पातळ होतं आणि आकडा चुकतो. टोचायचं ते बोटाच्या कडेला. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा, पुढचा घ्यायचा. बोट पिळलं की रक्ताबरोबर मांसातलं पाणी येतं आणि 11 ची बाई 10 ची दिसते. मशीनच्या तपासणी-पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेने त्या पट्ट्या खराब होतात.

सहाव्या-सातव्या महिन्यात आकडा किंचित उतरतो, नियमाने गोळी घेणाऱ्या बाईचाही. रक्तातलं पाणी वाढतं म्हणून. तेव्हा ‘गोळ्यांचा काही उपयोग नाही’ असं घरात ऐकू येईल. उत्तर तयार ठेवा.

हिमोग्लोबिन 11 ग्रॅम किंवा वर: रोज एक गोळी. 10 ते 10.9 सौम्य आणि 7 ते 9.9 मध्यम रक्तक्षय: रोज दोन, सकाळी एक आणि रात्री एक, दोन्ही जेवणानंतर. कॅल्शियमचं अंतर तेव्हा नव्याने बसवावं लागतं. महिन्याभरात किमान 1 ग्रॅम वाढ दिसायला हवी. नाही दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, तिसरा महिना वाट पाहत बसायचं नाही. 11 ला पोचली की दोनाची एक होते, गोळी बंद होत नाही. दिवस भरत आलेत आणि रक्त कमी आहे, किंवा गोळी कशानेच सोसत नाही, अशा बाईला डॉक्टर शिरेतून लोह देऊ शकतात. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात, तिथे तिला नक्की न्या.

7 च्या खाली असेल तर गोळ्यांवर भिस्त नाही, त्याच दिवशी दवाखाना. 5 च्या खाली, किंवा शेवटच्या तीन महिन्यांत 7 च्या खाली असेल तर रक्त देण्याची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात भरती. आकडा माहीत नसला तरी बसल्या जागी धाप, छातीत धडधड, चेहऱ्यावर सूज, जीभ-तळहात कागदासारखे पांढरे दिसले की 108 ला फोन.

चौथ्या महिन्यानंतर एकदा जंताची गोळी, अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम. अनवाणी शेतात जाणाऱ्या बाईच्या आतड्यात हुकवर्म असतील तर ते रोज रक्त पितात, आणि गोळीचं काम अर्धंच उरतं.

माहेर आणि बागा

पहिलटकरीण सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की माहेरी जाते. ओटी, साड्या, डबे सगळं बरोबर जातं, गोळ्या सासरच्या फडताळात राहतात. तिकडच्या आशाताईला तिची खबरच नसते, आणि शेवटचे दोन महिने, जेव्हा बाळ सगळ्यात जास्त लोह घेतं, तेच रिकामे जातात. डोहाळजेवणाची तारीख ठरली की तुम्ही कामाला लागा: साठ गोळ्या, तेवढ्या दिवसांचं कॅल्शियम, कार्ड, आणि माहेरच्या आशाताईचा नंबर. त्या ताईला तुम्ही स्वतः फोन करा. माहेरवाशीण आपण होऊन उपकेंद्रात जाईल, हे धरून चालू नका.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकहून कुटुंबं दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. त्यांनाही दोन महिन्यांच्या गोळ्या आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत द्या. कार्ड कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतं आणि गोळ्या फुकट मिळतात, हे नवऱ्यालाही सांगा. बागेच्या गावात काम करत असाल तर तुमच्या हद्दीतल्या मजुरांच्या तळावर जाणं तुमचंच काम, मग तिथल्या गरोदर बाईचं नाव तुमच्या यादीत नसलं तरी.

गोळ्या कुठे ठेवायच्या

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळ्यात पट्टीबाहेर काढून ठेवलेली गोळी चार दिवसांत ओलावते. लाल रंग बोटांना लागतो, आवरण चिकट होतं, आणि लोखंडाचा वास यायला लागतो. त्या वासानेच बाईला उलटी होते. म्हणून गोळी पट्टीतच, आणि पट्टी झाकणाच्या डब्यात. चुलीवरची फळी आणि ओल धरणारा कोनाडा टाळा.

डबा उंचावर हवा, कारण वरून गोड लागणारी लाल गोळी पोरांना चॉकलेट वाटते. दहा किलोच्या पोराने तीन-चार गोळ्या खाल्ल्या तरी विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, दहा खाल्ल्या तर जीव धोक्यात येतो. उलट्या थांबल्या म्हणजे बरं वाटलं, असं या विषबाधेत धरायचं नाही. मधे काही तास पोर ठीक दिसतं आणि मग एकदम बिघडतं. किती खाल्ल्या माहीत नसेल तरी लगेच दवाखाना, रिकामी पट्टी बरोबर घेऊन.

बाळंत झाल्यावर

लाल गोळी आणखी 180 दिवस, रोज एक. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं आणि अंग भरून यायचं असतं. इथे गोळी सगळ्यात जास्त सुटते, कारण सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं, डिंक-हळिवाचे लाडू सुरू होतात आणि ‘आता कशाला’ असं होतं. लाडू असू द्या, गोळीही असू द्या. आईने गोळी घेतल्याने बाळाला जुलाब होत नाहीत, दूधही बिघडत नाही.

वेगळ्या फेऱ्या मारायची गरज नाही. बाळाला पाहायला तुम्ही 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाताच. बाळाचं वजन केलंत की आईची पट्टी मागा. पहिल्या दिवसापासून घेत असेल तर 42 व्या दिवशी 42 संपलेल्या असतील, 138 राहिलेल्या. त्यातल्या पुढच्या साठ त्याच दिवशी हातात द्या.